उंबऱ्याच्या आतली चप्पल

तिसगाव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर भांडलो. भांडण रोजचंच होतं. मी संध्याकाळी रानातून आलो, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि आतून आवाज आला, "चपला!" लग्न झाल्यापासून हा आवाज ऐकत आलोय. रस्त्यावरची चप्पल घरात आणायची नाही, हा गोदाचा कायदा. देवाचा दिवा घरात, पिठाचा डबा घरात, आणि तुम्ही गावभरची घाण घेऊन येता, असं तिचं म्हणणं. मी चपला बाहेर सोडल्या, पाय धुतले आणि आत येऊन बसलो.

तिनं चुलीत वीट तापवून ठेवली होती. ती काढली, वर रुईचं पान टाकलं, मनगटाची आतली बाजू लावून बघितली आणि माझ्या टाचेखाली सरकवली. मग स्वतः पाय लांब करून बसली आणि गुडघ्याला एरंडाचं तेल चोळायला लागली.

"तुमच्या टाचंचं काय कौतिक," ती म्हणाली. "सकाळी रडती आन दुपारी पळती. माझा गुडघा बगा. दिवसभर माज्यासंगं राबतो आन सांजच्याला रडतो."

"म्हंजी तुज्यासारखाच."

तिनं रुईचं पान उचलून माझ्या अंगावर फेकलं. हसलो दोघंही. हेच ते भांडण.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ओट्यावर शेंगा फोडत होती, तिथंच आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय. गुडघ्याचा त्यात काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे माणूस मेलं की ज्याला जे दुखणं ठाऊक असतं त्यानंच ते मेलं असं ठरवतात.

आता टाचेचं नीट सांगतो. माझी टाच सकाळी दुखायची. खाटेवरून पाय खाली टेकला की खिळा घुसल्यागत व्हायचं. दहा-वीस पावलं चाललं की सैल पडायची. गोदाचा गुडघा सकाळी बरा असायचा आणि राबून राबून संध्याकाळी सुजायचा. त्यामुळं आमची वाटणी आपोआप झाली होती. सकाळ तिची, संध्याकाळ माझी. सकाळचं पाणी, चहा, गाईची धार ती बघायची आणि मी खाटेवर बसून हुकूम सोडायचो. संध्याकाळी खाली वाकून जे जे उचलायचं ते मी. दोघांत मिळून एक धड माणूस होतं. ती गेली आणि सकाळ उघडी पडली.

मी भिंत धरून चालायला लागलो. खाट ते मोरी, मोरी ते चूल, सगळं भिंतीनं. गाय विकून टाकली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "टाचंला बिब्बा लाव, बिब्बा." सुई तापवून बिब्ब्याचं तेल टाचेवर टेकवलं. दोन दिवसांत फोड आला, फुटला आणि खालून लाल मांस निघालं. मग टाच आतूनही दुखायला लागली आणि बाहेरूनही.

माझा मुलगा दत्ता नगरजवळ केडगावला राहतो, एमआयडीसीत कामाला आहे. दिवाळीच्या आधी आला, मला भिंत धरून चालताना बघितलं आणि म्हणाला, "आन्ना, आता बास. केडगावला चला. घराला कुलूप लावू."

"आन मग?"

"मग काय मग? तितंच ऱ्हायचं. हितं सकाळी पडला तर उचलायला कोन हाय?"

खरं बोलत होता, म्हणून राग आला. मी म्हणालो, येतो, पण कायमचा नाही. टाच बरी करून परत येणार. तो म्हणाला, भिंत सोडून चालून दाखवा, मीच आणून सोडतो. असा आमचा करार झाला. मला माझ्या घरात मरायचं होतं असं नाही. मला माझ्या घरात जगायचं होतं. ह्यात फरक आहे आणि तो पोरांना लवकर कळत नाही.

केडगाव

करंजी घाट उतरून एसटी नगरला आली तेव्हा बसून बसून टाच आखडली होती. स्टँडवर उतरलो आणि पहिल्याच पावलाला तोल गेला. हात पेरूच्या गाडीवर पडला. चार पेरू खाली, गाडीवाला वर.

"बाबा, घ्यायचं हाय का नुसतं बघायचं हाय?"

"पाय दुकतोय रं."

"माज्या आईचा पन दुकतो, पन ती पेरू सांडीत न्हाई."

दत्तानं ते सांडलेले पेरू घेतले. गोड निघाले.

दत्ताचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना आला की माझा प्राण जायचा. पण केडगावच्या घराची मला वाटलेली खरी गंमत वेगळीच होती. तिथं माणसं घरातही चपला घालतात. घरातल्या वेगळ्या, मऊ, रंगीत. माझी सून सुरेखा पहिल्याच दिवशी एक जोड घेऊन आली. "आन्ना, स्टाईलची फरशी लई गार आन टनक हाय. ह्या घाला."

"घरात चप्पल? देव हायेत समोर."

"देवांनी काय म्हनलं न्हाई अजून."

मी काही घातल्या नाहीत. चपला तशाच खाटेखाली राहिल्या.

मग नगरला हाडांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. तरुण बाई, पण बोलायला कडक. टाच बघायच्या आधी फोड बघितला.

"हे काय केलंत आजोबा?"

"बिब्बा."

"शुगर आहे?"

"न्हाई."

"तपासलीय कधी?"

"न्हाई."

"मग नाही कसं म्हणता?"

बोट टोचून रक्त घेतलं. तपासली, नव्हती निघाली. त्या म्हणाल्या, शुगर असलेल्या माणसाच्या पायाला कधी कधी चटकाच कळत नाही. वीट तापली किती हे त्याला समजत नाही, पाय भाजतो, जखम चिघळते आणि बोटं काढायची वेळ येते. म्हणून वाचणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवा. शुगर असंल तर गरम विटेच्या नादाला लागू नका. बिब्ब्याच्या नादाला तर कोणीच लागू नका.

मी विचारलं, "हाड वाढलंय न्हवं?" आमच्याकडे टाच दुखली की सगळे हेच सांगतात. त्यांनी फोटो काढला. हाडाला बारीक टोक आलेलं होतं. त्या म्हणाल्या, असलं टोक टाच न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांतही सापडतं. चोर तो नाही. चोर आहे तो तळपायाचा पट्टा. टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो, तो टाचेपाशी दुखावतो. रात्रभर पाय सैल पडला की पट्टा आखडतो आणि सकाळी सगळं वजन एकदम पडलं की ओढ बसते.

हे मला एका झटक्यात समजलं. मोटेच्या वेळची चामड्याची वादी रात्रभर वाळली की सकाळी कडक होते. तिला एकदम बैल जोडून हिसका दिला तर तुटते. आधी ओली करून, हातानं वाकवून मऊ करायची, मग जोडायची. मी बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगदी तेच. पट्टा मऊ केल्याशिवाय पाय खाली ठेवायचा नाही."

तो मऊ कसा करायचा तर असा. उठल्यावर खाटेवरच पाय लांब करून बसायचं. तळपायाच्या पुढच्या भागाला टॉवेल अडकवायचा आणि दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची. गुडघा सरळ ठेवायचा. हिसका द्यायचा नाही. सावकाश तीसपर्यंत मोजायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. मग उभं राहून भिंतीला हात टेकायचे, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि भिंत ढकलतोय असं झुकायचं. पोटरी ताणली गेली पाहिजे. पोटरी आखडली की टाचेचा पट्टा जास्त ओढला जातो, म्हणून दोन्हीचं औषध एकच. दिवसातून एकदा पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळून तळपायाखाली लाटायची. गोळी दुखेल तेव्हा विचारून घ्यायची. गोळी रोजचा चहा नाही, किडनीला लागते.

"आणि घरात मऊ चप्पल घालायची," त्या म्हणाल्या. "अनवाणी एक पाऊल नाही. फरशीवर तर अजिबात नाही."

मी हो म्हणालो. दत्तानं माझ्याकडे बघितलं.

"किती दिवसांत जाईल?"

"दिवस विसरा. महिने लागतील. पण जातं. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय जातं." मग त्यांनी बजावलं, टाच लाल होऊन सुजली, ताप आला, पायाला मुंग्या-बधिरपणा आला, किंवा एकदम पाय टेकवेचना, तर व्यायाम करत बसू नका, सरळ दवाखान्यात या.

सगळं सांगून झालं. दत्ता उठला. मी बसूनच राहिलो.

"आता गुडघ्याचं सांगा," मी म्हणालो.

"तुमचा गुडघा दुखतो?"

"न्हाई."

"मग?"

"सांगा तुमी."

त्यांनी दत्ताकडे बघितलं. दत्ता खाली फरशीकडे बघत होता. मग त्यांनी काही विचारलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं, जसं काही गुडघा समोर होता. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यातली गादी झिजते, पण झिजली म्हणून चालणं बंद करायचं नसतं, उलट बंद केलं की जास्त धरतो. मांडीचं मांस हाच गुडघ्याचा आधार. खुर्चीवर बसून एक पाय सरळ उचलायचा, थोडा वेळ धरायचा, सावकाश खाली. झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्यानं दाबायची. मांडी घालून, उकिडवं बसायचं कमी करायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नाही, उलट्या हातात.

"उलट्या?"

"उलट्या. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे पडले पाहिजेत. मग वजन काठीवर जातं."

सगळं मी नीट ऐकून घेतलं. कोणाला सांगायचं ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

नाताळापर्यंत मी सगळं केलं. टॉवेल, भिंत, बाटली. टायरची चप्पल फेकली, बाहेर मऊ बूट घालायला लागलो. फोड भरला. टाच निम्म्यानं उतरली. पण सकाळची पहिली दोन-चार पावलं भिंतीलाच हात जायचा. कारण घरात मी अनवाणीच होतो. सुरेखा रोज खाटेखालच्या चपला बाहेर काढून पायापाशी ठेवायची आणि मी पायानं परत आत सरकवायचो. शेवटी ती म्हणाली, "आन्ना, आत्या असत्या तर त्यांनीच घाला म्हनलं असतं."

"तू तिला वळखत न्हाईस," मी म्हणालो.

रेल्वेत

गोदा पुणतांब्याची. तिथं गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेच्या काठची पोर म्हणून नाव गोदा. आमच्यात रीत आहे, घरातलं माणूस गेलं की सोयऱ्यांनी पुढच्या सणाच्या आत बोलावून जेवू घालायचं, टोपी-उपरणं द्यायचं आणि दुखवटा काढायचा. त्याशिवाय घरात गोडधोड करायचं नाही. दिवाळीत टाचेमुळं ते राहून गेलं, म्हणून संक्रांतीच्या आधी माझा मेहुणा आप्पा, म्हणजे गोदाचा धाकटा भाऊ, ह्यानं फोन केला. दत्ता म्हणाला, "जाऊन या. तितं मामा बघत्याल सकाळी कसं चालता. मामा व्हय म्हनले तर तिसगाव, न्हाई म्हनले तर केडगाव." म्हणजे मला परीक्षेला बसवलं होतं आणि मास्तर माझाच मेहुणा.

नगर स्टेशनवरून गाडी धरली. गाडीची पायरी उंच, पण आता मला कायदा ठाऊक होता. माझा चांगला पाय उजवा, तो आधी वर. समोरच्या बाकावर एक रिटायर ख्रिस्ती मास्तर बसले होते, बेलापूरला लेकीकडे निघालेले. डब्यात नाताळच्या फराळातल्या करंज्या उरलेल्या होत्या. आमच्या दिवाळीच्या करंज्या आणि त्यांच्या नाताळच्या, दिसायला काडीचा फरक नाही; दुखवटा निघाला नव्हता म्हणून मी हात लावला नाही.

वांबोरी मागे पडल्यावर मी बाकाखाली पाय वर-खाली हलवायला लागलो, आखडू नये म्हणून. मास्तर बघत राहिले.

"शिवणयंत्र चालवताय का?"

टाचेची हकिकत सांगितली. ते हसले. "माझे गुडघे. देवळात गुडघे टेकून प्रार्थना करायची आमची पद्धत. एकदा टेकलो आणि उठताच येईना. अख्खं देऊळ आमेन म्हणून उभं राहिलं आणि मी खालीच."

"मग?"

"मग पास्टरांनी दोघांकडून उचलून घेतलं आणि पुढच्या रविवारी माझ्यासाठी खुर्ची ठेवली. पहिल्यांदा लाज वाटली. वाटलं, बसून केलेली प्रार्थना पोचते की नाही. आता काही वाटत नाही. उलट लक्ष जास्त लागतं, आधी निम्मं लक्ष गुडघ्यात असायचं."

मी त्यांना काठीचा कायदा सांगितला. त्यांची काठी दुखऱ्याच बाजूला होती. बेलापूरला उतरताना ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली, फलाटावर चार पावलं चालले, मागे वळून खिडकीशी आले आणि म्हणाले, "अहो, हे मला आत्तापर्यंत कोणी का सांगितलं नाही?" गाडी सुटली म्हणून उत्तर देता आलं नाही.

पुणतांबा

आमचं तिसगाव म्हणजे कोरडं रान. बाजरी, तूर, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट. इकडं कॅनॉलचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा, गहू नुकता हिरवा झालेला. गोदा लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मला म्हणाली होती, "तुमच्यात नदी कुटं ठेवत्यात?" ते आठवलं.

आप्पाच्या घरी गेलो. त्याची बायको जिजा वहिनी ओट्यावर आली, उजव्या हातात काठी, उजवाच गुडघा धरून. मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग मीच बोललो, कारण रडणं सुरू झालं की मला थांबवता येत नाही.

"वहिनी, काठी डाव्या हातात घ्या."

"क्काय?"

"काठी. डाव्या हातात. उजवा पाय आन काठी एकदम टाका."

"दाजी, डाक्टर झालाय काय?" पण घेतली. ओट्यावरून दारापर्यंत गेली, परत आली. तोंडावरचा पदर खाली आला. "आगं बया. हलकं लागतंय."

मग मी तिला खुर्चीवर बसवून पाय उचलायला लावलं. तेल चोळून चोळून गुडघ्याला आतून वंगण लागत नाही, हे सांगितलं. मांडी म्हणजे गुडघ्याचा बैल आहे, बैल वाळला की सगळा भार जुवावर येतो, हेही सांगितलं. हे शेवटचं बाईंनी सांगितलेलं नव्हतं, माझं होतं. ती पाय उचलत होती आणि मोजत होती, आणि मी बघत होतो. गोदाचा गुडघा ह्या घरात आला, असं वाटलं मला. बरं वाटलं.

दुपारी आप्पाबरोबर गंगेवर गेलो. मोठा घाट आहे, काळ्या दगडाच्या पायऱ्या, हिवाळ्यात पाणी खालच्या पायऱ्यांपाशी गेलेलं. ह्याच पायऱ्यांवर गोदा धुणं धुवायला यायची. घाटावर कोणी पायात घालून उतरत नाही. मीही बूट वर काढले आणि खाली गेलो. दुखरा पाय आधी, पायरी-पायरीनं. पाण्यात पाय सोडून बसलो. गार पाण्यानं टाच सुखावली. वर येताना कुठंही हात धरला नाही. आप्पा म्हणाला, "दाजी, पास झालात की!"

मीही तसंच समजलो. दगडावर अनवाणी उतरलो-चढलो ह्याची टाचेनं नोंद घेतली होती, ती सकाळी दाखवली.

पहाटे खाटेवरून उतरलो. टॉवेलनं पाय ओढला होता, भिंतीचा व्यायाम राहिला. आप्पानं घरभर नवीन स्टाईल बसवलेली, गार दगड. पहिलं पाऊल टाकलं आणि खिळा वरपर्यंत घुसला. दोन्ही हात भिंतीला गेले. मोरीपर्यंत भिंतीभिंतीनं गेलो आणि बाहेर आलो तर आप्पा समोर उभा, हातात दातून.

"दाजी, भाच्याला काय सांगू?"

"काय बगितलं ते सांग."

"तिसगाव जाईल तुमचं."

"जाऊ दे. खोटं सांगू नको."

आप्पा गेला आणि वहिनी आली. काठी डाव्या हातात. तिनं माझ्या पायांकडं बघितलं, मग दाराबाहेर ठेवलेल्या बुटांकडं.

"डाक्टरनं घरात चप्पल घालाया सांगितली आसंल."

"व्हय."

"आन तुमी घालत न्हाई."

"ती घालू देत न्हाई."

ती, म्हणालो मी. वहिनीनं 'कोण' असं विचारलं नाही. खाली बघून हसली. "माझं लगीन झालं तवा वन्सं हितं आल्या हुत्या. मी नवी नवरी, चप्पल घालून माजघरात आले. आशा वरडल्या, का माज्या हातातला तांब्या खाली पडला. तवापासून ह्या घरात तोच कायदा हाय." मग थोडा विचार करून म्हणाली, "बसा गप. दुपारपातूर चालू नका."

आप्पाला तिनं काहीतरी सांगून बाजारात पाठवलं.

दुपारी दुखवट्याचं जेवण झालं. पाट मांडला होता, पण वहिनीनं तो उचलून ठेवला आणि टेबल-खुर्ची लावली. स्वतःही पहिल्यांदाच खुर्चीवर बसून जेवली, आणि कोणी काही म्हणायच्या आत म्हणाली, "काय बगताय? गुडघा हाय माझा." पुरणपोळी, आमटी, कुरडई. गोदा गेल्यापासून पहिल्यांदा गोड तोंडात घातलं.

मग आप्पानं टोपी घातली, उपरणं खांद्यावर टाकलं. रीत इथं संपते. पण वहिनी आतून ताट घेऊन आली. ताटात कोरी चपलांची जोडी. मऊ, जाड तळाची, टाचेला जरा उंच. ताटात चपला बघून आप्पाची म्हातारी चुलती म्हणाली, "जिजे, येडी का काय तू! ताटात पायतान?"

"आत्याबाई, ह्याला रस्ता ठावा न्हाई," वहिनी म्हणाली. "दुकानातनं पिशवीत आली, पिशवीतनं ताटात आली. जिमीन लागली न्हाई. ताट मागनं घाशीन मी." मग माझ्याकडं वळली. "दाजी, वन्संचा कायदा काय? रस्त्यावरची चप्पल आत न्हाई. ही रस्त्यावरची न्हाई. ही कदीच बाहीर न्यायची न्हाई. हिचा जनम उंबऱ्याच्या आत."

तिनं ताट खाली ठेवलं. वाकता येत नव्हतं म्हणून काठीनं एकेक चप्पल माझ्या पायापाशी ढकलली.

"ह्या वन्संच्या म्हायेरच्या हायेत. त्यांना सांगा, जिजानं दिल्या. मग काय बोलायच्या न्हाईत त्या."

घातल्या. उभा राहिलो. टाच जमिनीपासून दूर कुठंतरी होती. माजघर, सैपाकघर, ओट्याचं दार, आणि परत. हात खाली. आप्पानं तिथंच दत्ताला फोन लावला आणि सकाळी काय बघितलं तेही सांगितलं आणि आता काय बघतोय तेही सांगितलं. दत्ता लवकर कबूल होईना. शेवटी म्हणाला, "आन्नांना घरी सोडतो. पन फोन रातीला मदल्या खोलीत ठेवायचा. खाटंजवळ न्हाई. सकाळी मी फोन करनार. येऊन उचलला तर ऱ्हावा. न्हाई उचलला तर मी गाडी घिऊन निगालोच."

परत तिसगाव

दत्तानं आणून सोडलं, फोन मधल्या खोलीतल्या फडताळात चार्जिंगला लावला आणि मनाविरुद्ध परत गेला.

हे सगळं लिहून काढलं, कारण गावात ज्याची टाच दुखते तो माझ्याकडं येतो आणि मला तेच तेच सांगायचा कंटाळा आलाय. टाचेला घाई चालत नाही, हे एक ध्यानात धरा. बाकी वर आहे. पण त्या पहिल्या सकाळचं राहिलं, ते सांगतो.

उजाडायच्या बेताला जाग आली. खाटेवर पाय लांब केले. आप्पानं दिलेलं उपरणं तळपायाला अडकवलं आणि ओढलं. मधल्या खोलीत फोन वाजायला लागला. वाजू दिला. पट्टा मऊ झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही म्हणजे नाही. वाजून वाजून बंद पडला. दुसरा पाय ओढला. पुन्हा वाजला. खाटेच्या कडेला आलो, कोऱ्या चपलांत पाय घातले, सावकाश उभा राहिलो. भिंत डाव्या हाताला होती. तिला तिथंच राहू दिलं.

फोन उचलला. "आन्ना! पयल्यांदा का न्हाई उचलला? मी किल्ली हातात घेतली हुती!"

"टाच मऊ करत हुतो. बोल."

तो बोलत होता आणि मी तसाच चालत सैपाकघराच्या उंबऱ्याशी आलो. एक पाय आत टाकला. आणि थांबलो. आपोआप थांबलो, सवयीनं. चूल गार होती. देवाच्या फळीवर दिव्याची वाट बघत देव बसले होते. आतून काही आवाज आला नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, एक पाय आत, एक बाहेर.

मग मीच ओरडलो, "चपला!"

"काय झालं आन्ना?" फोनमधून दत्ता घाबरून म्हणाला. "कोन वरडलं?"

"मीच वरडलो," मी म्हणालो. "पुनतांब्याच्या हायेत म्हनून सांगितलं. ठेव आता, चा करायचाय." आणि आत गेलो.